सत्तावीस लिटरची सरासरी

मार्च लागला की आमच्या ओसरीवर पोरींची गर्दी होते. धाराशिवात आता गल्लोगल्ली क्लास निघालेत, तरी चार-सहा जणी माझ्याकडे येतातच, कारण मी फी घेत नाही आणि ओरडते भरपूर. नोकरी संपली तरी गणिताच्या बाईंचा आवाज काही निवृत्त होत नाही. बँकेच्या, तलाठ्याच्या, कसल्या कसल्या परीक्षा असतात त्यांच्या. जाडजूड गाइडं मांडीवर घेऊन बसतात, वर पंखा गरम हवाच फिरवत राहतो, आणि अंगणातल्या शेवग्याची पिवळी पानं वहीवर येऊन पडतात.

परवा अश्विनीनं एक गणित पुढं केलं. पोर हुशार आहे, घाई तेवढी वाईट. माहितीच्या पुरेसेपणाचं गणित होतं. या प्रकारात उत्तर काढायचंच नसतं. एक प्रश्न देतात आणि खाली दोन विधानं. उत्तर काढायला पहिलं विधान पुरतं का, दुसरं पुरतं का, दोन्ही मिळून पुरतात, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत, एवढंच सांगायचं. प्रश्न असा होता : एका कारखान्यात पुरुषांचं सरासरी वय चाळीस, बायकांचं तीस, तर सगळ्यांचं मिळून सरासरी वय किती? विधान एक, बायका पुरुषांच्या दुप्पट आहेत. विधान दोन, एकूण माणसं नव्वद आहेत.

अश्विनीनं विधानांकडे बघितलंसुद्धा नाही. चाळीस आणि तीस, मधोमध पस्तीस, असं ठणकावून सांगून मोकळी झाली. एरवी मी तिला फाडून खाल्लं असतं. बायका दुप्पट म्हटल्यावर सरासरी तीसच्या बाजूला झुकणार की नाही, आणि एवढं प्रमाण कळलं तर माणसं नव्वद आहेत का नऊशे याच्याशी आपल्याला काय करायचंय, पहिलं विधान एकटंच पुरतं, असं सगळं धडाधड सांगितलं असतं. पण त्या पोरीच्या आवाजातली खात्री ऐकली आणि मी उठून पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. तिच्याच वयात, तशाच खात्रीनं, हेच चुकीचं उत्तर मी चारचौघांत दिलं होतं. त्या उत्तरानं एका माणसाचं काम गेलं आणि नाव गेलं. मला त्याची अजून लाज वाटते, आणि ती वयाबरोबर कमी होईल असं जे वाटत होतं तेही खोटं निघालं.

येडशीच्या पलीकडं, रामलिंगाच्या डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. ऐंशीच्या दशकातलं दुष्काळाचं वर्ष. बारावी होऊन मी घरी बसले होते, कारण कॉलेज तालुक्याला आणि दुष्काळात तात्या म्हणाले, पुढच्या सालाला बघू. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वडील लवकर गेले, तात्यांनीच आम्हाला सांभाळलं. ते गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते. दुधात फॅट किती ते मोजणारा माणूस शहरात नोकरी लागून गेला, तेव्हा तात्यांनी ते काम माझ्यावर सोपवलं. गणितात शंभरातले ब्याण्णव मिळवणारी पोरगी घरात असताना बाहेरचा माणूस कशाला, असं ते सगळ्यांना सांगत. मीही ते कान टवकारून ऐकत असे.

मारुतीच्या पाराशेजारची एक खोली, ती संस्था. पहाटेचा गारवा असेपर्यंतच तिथं बरं वाटायचं. प्रत्येकाच्या दुधाचा थोडा नमुना काचेच्या जाड नळीत घ्यायचा, त्यात ॲसिड घालायचं, बूच लावून हलवायचं. नळी अशी तापायची की फडक्यात गुंडाळल्याशिवाय धरवत नसे. मग त्या नळ्या यंत्रात बसवून हातानं दांडा फिरवायचा. यंत्र घुमायला लागलं की दारात बसलेली माणसं बोलायची थांबत. नळीच्या निमुळत्या टोकाला सोन्यासारखा पिवळा थर वर येई, तो किती आकड्यापर्यंत आला ते मी मोठ्यानं सांगे. सात. साडेसहा. सव्वासात. माझ्या तोंडून निघालेल्या आकड्यावर अख्खी आळी मान डोलवायची. अठराव्या वर्षी एवढा मान मिळाला की डोकं ठिकाणावर राहत नाही.

दूध एका मोठ्या कॅनमध्ये एकत्र व्हायचं आणि लिंबाजी तो कॅन सायकलीच्या कॅरिअरला बांधून सहा किलोमीटरवर डांबरी सडकेच्या फाट्याला न्यायचे. तिथून शीतकरण केंद्राची गाडी तो उचलायची. लिंबाजी माझ्या वडिलांच्या वयाचे, बौद्धवाड्यातले. घरात बाबासाहेबांची तसबीर, अंगावर कायम धुतलेला पांढरा सदरा. मी त्यांना मामा म्हणायची, ते मला आक्का म्हणायचे. त्यांना हे काम दिलं तेव्हा गावात दोन-चार जणांनी नाकं मुरडली होती. तात्या त्यांच्यावर गरजले होते, संस्था सगळ्यांची आहे म्हणून. या गोष्टीचा आमच्या घराला फार अभिमान होता. आम्ही सुधारलेले आहोत हे आम्ही पाहुण्यारावळ्यांना सांगत असू.

केंद्रावर कॅनमधल्या दुधाचं फॅट पुन्हा काढत आणि त्याची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी गाडीबरोबर येई. मी एक युक्ती काढली. आपल्याकडच्या दहाही घरांचे आकडे मिळवायचे, दहानं भागायचं, आणि येणारं उत्तर चिठ्ठीशी ताडून बघायचं. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत दोन्ही आकडे असे जुळायचे की तात्यांनी केंद्रावरच्या साहेबाला माझं गणित दाखवलं. तोही म्हणाला, हुशार आहे पोरगी. जुळत होतं याचं कारण साधं होतं. तेव्हा सगळ्यांकडे म्हशीच होत्या आणि प्रत्येक घर दोन-अडीच लिटरच आणत होतं. पण ते कारण शोधायची मला गरज वाटली नाही. उत्तर बरोबर येत होतं ना, मग झालं.

शिमग्यानंतर दुष्काळ खरा जाणवायला लागला. कडबा संपला. विहिरी तळाला गेल्या, टँकर येऊ लागला, घरटी दोन घागरी. म्हशी आटल्या. अडीच लिटर आणणाऱ्या घरातून लिटरभर दूध येऊ लागलं, पण दाट, सात फॅटचं. त्याच सुमाराला तात्यांनी सरकारी योजनेतून तीन संकरित गाई आणल्या. आमच्या मळ्यातल्या विहिरीला अजून पाणी होतं. गाई सकाळच्या धारेला सहा-सहा लिटर द्यायच्या. पातळ दूध, साडेतीन फॅटचं. म्हणजे नऊ घरांचं मिळून नऊ लिटर, आणि आमचं एकट्याचं अठरा. माझ्या गणितात मात्र दहा घरांचे दहाच आकडे होते. नऊ साते त्रेसष्ट, त्यात साडेतीन, भागिले दहा. साडेसहाच्या वर उत्तर यायचं. केंद्राची चिठ्ठी म्हणायची, चार पॉइंट सात.

पहिल्या दिवशी मला वाटलं, केंद्रवाल्यांनी चूक केली असेल. चौथ्या दिवशी मी तात्यांना सांगितलं की वाटेत दुधात पाणी पडतंय. कुणी घालतंय असं मी म्हणाले नव्हते, हे मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पण वाटेत म्हणजे कुणाच्या हातात, हे न कळायला तात्या काही कुक्कुलं बाळ नव्हते. कॅन तर चार हातांतून जात होता. आमचा माप घालणारा, गाडीवाला, केंद्रावरचा माणूस, या कुणाचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. पाण्याला उतार ठाऊक असतो तसा गावातल्या संशयालाही असतो. फाट्यावरच्या हॉटेलात लिंबा दोन-चार लिटर दूध विकतो आणि तेवढं पाणी ओततो, असं दुपारपर्यंत ठरूनही गेलं. घरटी दोन घागरींच्या दिवसांत ते पाणी तो आणणार कुठून, हा प्रश्न मलाही पडला नाही. दुधाची डिग्री बघायची काचेची कांडी आमच्याकडची फुटली होती आणि केंद्राच्या चिठ्ठीत तो रकाना कोराच यायचा. पाणी आहे की नाही हे सांगणारी एकमेव गोष्ट आमच्यापाशी नव्हती. ती मागवावी असंही कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या दारात दहा-पंधरा माणसं जमली. लिंबाजी नेहमीसारखे सायकल स्टँडला लावून कॅन उचलायला आले. तात्यांनी मला आकडे वाचायला सांगितलं. मी फुलस्केप कागदावर सगळं मांडून आणलं होतं, समासाची रेघसुद्धा मारली होती. मी वाचलं. शाळेत बक्षीस घ्यायला उभी राहायची तशी उभी राहून वाचलं. लिंबाजी शेवटपर्यंत ऐकत राहिले. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे त्यांच्या ध्यानात जरा उशिरा आलं. मग ते तात्यांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले.

"आक्का, दोन पायल्या ज्वारीत एक पायली गहू मिसळून दळला तर पीठ ज्वारीकडंच झुकंल न्हवं? तुमच्या घरचं दूध लई हाय, अन् ते पातळ हाय. बाकीच्यांचं दाट हाय, पर थोडंच हाय. कॅनात तर समदं एक होतंय."

पुढं इतकी वर्षं मी भारित सरासरी शिकवली, ती यापेक्षा सोपी करून मला कधी सांगता आली नाही. दोन पायल्या आणि एक पायली. अठरा आणि नऊ. प्रमाणसुद्धा त्यांनी अचूक सांगितलं होतं. आणि मी काय केलं? मी हसले.

"मामा, हे गणित हाय," मी म्हणाले, "दळण न्हाय."

लोकही हसले. लिंबाजी कॅनकडे वळले. आजचं दूध तेवढं पोचवून येतो, नाहीतर नासेल, एवढं म्हणाले. तात्यांनी तेही करू दिलं नाही. आमच्या चुलतभावानं कॅन उचलला. लिंबाजी रिकामी सायकल हातात धरून गावाच्या त्या टोकाला चालत गेले. सायकलीवर बसले का नाहीत कुणास ठाऊक.

या प्रसंगाचं मी पुढं वहीत अनेकदा गणित मांडलंय. विधान एक : कॅनमधलं फॅट उतरलं. विधान दोन : कॅन लिंबाजी नेतात. प्रश्न : चोर कोण? अश्विनीसारख्या घाईच्या पोरीलाही सांगता येईल की दोन्ही विधानं मिळूनही माहिती अपुरी आहे. पण माझा अनुभव असा आहे की पोरं या पर्यायावर खूण करायला कचरतात. 'सांगता येत नाही' असं लिहिलं तर आपल्यालाच येत नाही असा अर्थ निघेल, अशी भीती वाटते त्यांना. मला तर ती भीती वाटायचीही सवड नव्हती. शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात. खरं आहे, पण भात एका तांदळाचा असला तर.

चुलतभाऊ कॅन नेऊ लागला त्या आठवड्यात दोनदा दूध नासून परत आलं. लिंबाजींच्या वेळी असं कधी झालं नव्हतं. टँकरच्या रांगेत बायका बोलत होत्या तेव्हा मला त्यामागचं कारण कळलं. लिंबाजी कॅनला भिजवलेलं पोतं गुंडाळून न्यायचे, दूध उन्हात तापू नये म्हणून. ते पोतं भिजवायला त्यांची बायको आपल्या दोन घागरींतलं पाणी काढून द्यायची. संस्थेनं ते कधी सांगितलं नव्हतं आणि विचारलंही नव्हतं. मी माझी घागर भरून घेतली आणि मान खाली घालून घरी आले.

आणि चिठ्ठी? ती तशीच येत होती. चार पॉइंट सात, चार पॉइंट सहा, पुन्हा चार पॉइंट सात. लिंबाजी नव्हते, तरी आकडा हलत नव्हता. आठव्या दिवशी, दुपारी, सगळे लवंडलेले असताना मी रजिस्टर घेऊन बसले. बाहेर ऊन पत्र्यावर तडतडत होतं. या वेळी फॅटच्या रकान्याशेजारचा लिटरचा रकाना पहिल्यांदा नीट वाचला. नऊ लिटर गुणिले सात, त्रेसष्ट. अठरा लिटर गुणिले साडेतीन, तेही त्रेसष्टच. एकूण एकशे सव्वीस, भागिले सत्तावीस. चार पॉइंट सहा सहा सहा. चिठ्ठीशी तंतोतंत.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. उत्तर जुळल्याबरोबर मला आनंद झाला. अगदी मनापासून झाला, परीक्षेत अवघड गणित सुटल्यावर होतो तसा. मी पेन्सिलनं उत्तराखाली दुहेरी रेघसुद्धा मारली. लिंबाजींची आठवण त्यानंतर आली. किती वेळानं आली ते मी मोजलं नाही, पण नंतर आली.

संध्याकाळी मी तात्यांना सगळं दाखवलं. ते फारसे शिकलेले नव्हते, तरी त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं. आमच्या नावापुढच्या अठरावर त्यांनी बोट ठेवलं. मग म्हणाले, "चेअरमनच्या घरचं दूध पातळ म्हणून अख्खा कॅन उतरला, हे गावाला सांगू म्हणतीस? झालं ते झालं. त्याला म्या दुसरं काम बघून देतो." त्यांनी काही बघून दिलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. तात्यांनी माझं तोंड बंद केलं असं म्हणायची सोय झाली, पण खरं सांगायचं तर त्यांनी 'झालं ते झालं' म्हटलं तेव्हा माझ्या जिवावरचं ओझं उतरलं होतं. मला तेच ऐकायचं होतं. चूक झाली तेव्हा माहिती अपुरी होती, म्हणून ती एकवेळ पोटात घालता येईल. आठवड्यानं माहिती पुरेशी झाली, आणि मग मी जे केलं त्याला गणितात नाव नाही.

लिंबाजी आणि त्यांची बायको रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. पाझर तलावाचं काम होतं. मी एकदा बसमधून त्यांना पाहिलं, डोक्याला फडकं बांधून उन्हात बसलेले. सदरा पांढराच होता. गावात पोरं त्यांना 'पाणीवाला' म्हणू लागली होती. त्यांच्या पोरीला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या कानावरही ते गेलं म्हणतात. पुढच्या पावसाळ्यात ते बिऱ्हाड गावातून उठलं आणि येडशीला गेलं. मी कॉलेजात गेले. गणितच घेतलं. लोक विचारतात, बाई, गणिताची एवढी गोडी कशी लागली? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

शिकवताना मी भारित सरासरीला दुधाचं उदाहरण कधी घेत नाही. पुस्तकात आलं तर चहाची पत्ती घेते, तांदूळ घेते, कारखान्यातली माणसं घेते. परवा पाणी पिऊन ओसरीवर परत आले. अश्विनीनं विचारलं, बाई, माझं लई चुकलं का? मी म्हणाले, चुकलं, पण वहीत चुकलं. तिला काही समजलं नाही, आणि मी समजावून सांगितलंही नाही. पुढचं गणित घ्या म्हणाले.

लिंबाजी वारले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची माझी भेट त्या सकाळनंतर एकदाच झाली, येडशीच्या स्टेशनवर. मी तेव्हा लातूरला शाळेत लागले होते आणि अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. समोरून कुणीतरी 'आक्का' म्हणून हाक मारली. म्हातारे झाले होते. सदरा तसाच स्वच्छ. मला पळून जावंसं वाटलं. ते मात्र आपल्या गावचं माणूस भेटल्याच्या आनंदात होते. तात्यांची तब्येत विचारली, माझी नोकरी विचारली. गणित शिकवते म्हटल्यावर म्हणाले, ते तर होणारच होतं. मग इतकी वर्षं मनात घोळवलेलं बोलावं तसं सावकाश बोलले.

"आक्का, तवा म्या पिठाचं कायबाय बोललो. अडाणी माणूस. तुमचा हिसाब खोटा कसा असंल? म्या लई इचार केला. फाट्यावर कॅन ठिवून म्या हॉटेलात पाणी प्यायला जायचो. आमाला माठाला हात लावू देत न्हवते. कुणी वरून वतायला मोकळं होईस्तवर थांबाय लागायचं. तेवढ्या येळात कुणीतरी दूध काढून पाणी वतलं असंल. ध्यान म्या द्याया पायजे व्हतं. चूक माझीच हाय." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "तसंच झालं असंल न्हवं?"

प्लॅटफॉर्मवर आम्ही दोघंच होतो. तात्या तिथं नव्हते, गाव नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. तुमचं पिठाचं गणित बरोबर होतं मामा, एवढंच.

मी म्हणाले, "असेल, मामा."

"व्हय," ते म्हणाले, "तुमी म्हणताव म्हंजी तसंच."

त्यांचा चेहरा मोकळा झाल्यासारखा दिसला. गाडी आली तेव्हा मी नको नको म्हणत असताना त्यांनी माझी पिशवी उचलली आणि खिडकीजवळची जागा बघून आत नेऊन ठेवली.